देवघरातला जोड

व्यंकटराव नरसीकरांच्या घरचं इंटरनेट हळू चालतं, ही तक्रार हिंगोलीच्या टेलिफोन ऑफिसात पहिल्यांदा आली ती २००९ च्या दसऱ्यानंतर. तोंडी नाही, लेखी. व्यंकटराव आधी परभणीला आणि जिल्हा वेगळा झाल्यावर हिंगोलीत, अशी छत्तीस वर्षं सरकारी कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. अर्ज लिहिणं हेच त्यांचं हत्यार होतं. फुलस्केप कागद, डावीकडे चार बोटं समास, विषय, संदर्भ, आणि खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून तीन वरिष्ठांची नावं. त्यांच्या अर्जांमुळं दोन शिपाई आणि एक तलाठी घरी बसले, असं ते स्वतःच लोकांना सांगत. सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा.

तक्रार भीमराज खंदारेकडं आली. भीमराज साखऱ्याचा. आयटीआय केलेला, वय अठ्ठावीस, चार वर्षांपासून ठेकेदाराकडून लाइनमन म्हणून लागलेला. बायको साक्षी डी.एड. करत होती, म्हणून त्यानं वर्षभरापूर्वी हिंगोलीत एक खोली घेतली होती. त्याच्या हाताला सफाई होती, लोक नावाजत.

स्टेशन रोडच्या मागच्या कॉलनीत तो गेला तेव्हा व्यंकटराव दारातच उभे होते.

"नाव?"

"भीमराज."

"आडनाव विचारलं."

"खंदारे."

"कुठले?"

"साखऱ्याचे. सेनगाव तालुका."

व्यंकटरावांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी भीमराजचं नाव एकदाही घेतलं नाही. 'अरे' म्हणायचे, नाहीतर नुसतंच बोट दाखवायचे.

कॉम्प्युटर हॉलमध्ये होता. त्यावर विणलेलं कव्हर, वर चिमट्यानं लावलेला कॅमेरा. त्यांचा एकुलता मुलगा अनिरुद्ध अमेरिकेत इंजिनिअर होता. तीन वर्षांपूर्वी बायकोला, देवश्रीला घेऊन आला होता, तेव्हा त्यानंच हे सगळं जोडून दिलं होतं. नात तिकडंच झाली, आता दोन वर्षांची होती. तिला आजी-आजोबांनी पाहिलं ते एवढ्या कॅमेऱ्यातूनच, आणि तेही चित्र चौकोन चौकोन फुटलेलं. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे अमेरिकेतल्या सकाळी, अनिरुद्ध कॅमेऱ्यावर यायचा. तीन-चार मिनिटांत म्हणायचा, "बाबा, तुमचं चित्र अडकलंय. नेट फार स्लो आहे तुमचं. नीट करून घ्या." आणि बंद व्हायचं.

भीमराजनं खांबावर चढून लाइन तपासली. तिथं दोन एमबी पूर्ण येत होतं. घरात मोजायचं म्हणून त्यानं कॉम्प्युटरकडं हात नेला.

"कीबोर्डला हात लावायचा नाही," व्यंकटराव म्हणाले. "तू सांग. मी दाबतो."

मग भीमराज तीन हात लांब उभा राहून एकेक अक्षर सांगत राहिला आणि व्यंकटराव चष्मा सरकवत ते अक्षर शोधून एका बोटानं दाबत राहिले. दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागला. आकडा आला दीडशे केबी. म्हणजे खांबापासून हॉलपर्यंतच्या वीस-पंचवीस फुटांत सगळा वेग मुरत होता.

भीमराज वायर धरून मागं मागं गेला. टेलिफोन घरात आला ब्याण्णव साली, वायर तेव्हाची. ती खिडकीतून आत शिरली होती, बोळाच्या भिंतीवरून गेली होती आणि एका बंद दाराच्या चौकटीतून आत जाऊन दुसऱ्या बाजूनं हॉलमध्ये निघाली होती.

"आत जोड असंल," तो म्हणाला. "फोन आधी तिथं होता का?"

"आधी तिथंच होता. मग आम्ही देवघर केलं."

"पाच मिनिटांचं काम हाय साहेब. जुना जोड काढून टाकतो."

"तिकडं जायचं नाही."

"मग तुमी बघता का, मी दारातून सांगतो."

"मी वायरी बघू? मग तुला कशाला ठेवलंय?"

"न्हाईतर बाहेरून नवी वायर टाकतो. भिंतीला एक भोक पाडावं लागंल."

"गेल्या दिवाळीला रंग दिलाय. भोक पाडायचं नाही."

"मोडेम बी जुनं झालं. गरम होऊन राहिलं. ते तरी बदला."

"ते मुलानं लावलंय. तो त्यातलाच इंजिनिअर आहे. तू सांगणार त्याला?"

आतल्या दाराशी व्यंकटरावांच्या पत्नी, विजयाबाई उभ्या होत्या. भीमराजनं खिडकीपर्यंतची वायर बदलली, सही घेतली आणि निघाला.

आठ दिवसांत दुसरा अर्ज आला. विषय: तांत्रिक ज्ञान नसलेला कर्मचारी पाठविल्याबाबत. मग तिसरा. त्यात लिहिलं होतं की सदर कर्मचारी घरात इकडेतिकडे डोकावतो, त्याचा उद्देश संशयास्पद वाटतो. तो अर्ज वाचून ऑफिसातल्या साहेबांनी भीमराजला मेमो दिला आणि उत्तमसिंगला बोलावलं. उत्तमसिंग राठोड हा लाइनवरचा सगळ्यात जुना माणूस, भीमराजचा सुपरवायझर.

"त्याच्या घरात खोट हाय, तो हात लावू देत न्हाई," भीमराज म्हणाला. "मी काय करू?"

"मला कळतंय. साहेबाला बी कळतंय," उत्तमसिंग म्हणाला. "पण कागद त्याच्या बाजूनं हाय. चौथा अर्ज आला की तुला वारंगा फाट्याला टाकणार. तिथं रस्त्याचं खोदकाम चालू हाय, रोज केबल तुटून राहिली. दिवसभर खड्ड्यात बसावं लागंल. तेवढं ध्यानात ठेव."

कार्तिकी एकादशीला सकाळी ऑफिसात फोन आला. विजयाबाईंचा.

"हे नरसीला दर्शनाला गेलेत," त्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत येत नाहीत. तुम्ही येता का? ते काय आतलं काम आहे ते करून टाका."

भीमराजनं आधी नाही म्हटलं. मग त्याला वारंगा फाटा आठवला. ऑफिसात एक नवं मोडेम आलेलं होतं. उत्तमसिंगच्या सहीनं ते घेऊन तो गेला.

विजयाबाईंनी दार उघडलं. आधी त्यांनी त्याला अंगणातल्या नळावर हातपाय धुवायला सांगितले. तो धुऊन आला. मग त्या पुढं झाल्या, देवघराचं दार उघडलं आणि देवांवर एक धूतवस्त्र पांघरलं, मूर्ती पूर्ण झाकल्या जातील असं.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या. "मला नातीचं तोंड बघायचंय. एवढंच."

भीमराज आत शिरला. जोड समईच्या मागं, कोनाड्याच्या खालच्या बाजूला होता. सतरा वर्षांपूर्वी कुणीतरी दोन वायरी नुसत्या पिळून वर कापडी पट्टी गुंडाळली होती. पट्टी तेलाच्या काजळीनं काळी झाली होती. ती सोडल्यावर आतलं तांबं हिरवं निघालं, आणि बोटानं दाबताच त्याचा भुगा झाला. एवढ्याशा जोडावरून अमेरिका यायची होती. त्यानं जुना तुकडा सगळा ओढून काढला, चौकटीच्या त्याच भोकातून नवी वायर अखंड ओवली, हॉलमध्ये नवं मोडेम लावलं. मोजलं. दोन एमबीला जरा कमी.

"आता दिसेल?" विजयाबाईंनी विचारलं.

"पापणी हलली तरी दिसंल काकू."

त्या हसल्या. कितीतरी वेळ हसू तसंच राहिलं. मग आत जाऊन त्यांनी दोन केळी आणली आणि त्याच्या हातावर वरून सोडली, बोटाला बोट लागणार नाही अशी. भीमराजला ती सवय ओळखीची होती. त्यानं केळी घेतली.

"मोडेम ऑफिसनं पाठवलं असं सांगते मी," त्या म्हणाल्या. "अर्जामुळं पाठवलं म्हटलं की त्यांना बरं वाटेल. पण देवघराचं सांगू नका. मला मरेपर्यंत ऐकावं लागेल."

"न्हाई सांगत."

केळी त्यानं रस्त्यातच खाल्ली. एक खाताना त्याला वाटलं की फेकून द्यावी, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

पुढचा रविवार झाला आणि चौथा अर्ज आला.

भीमराजला ते खरं वाटेना. त्यानं ऑफिसातून लाइन तपासली. वेग बराबर, कुठं खंड नाही. अर्जात लिहिलं होतं: नवीन मोडेम बसवूनही परिस्थितीत फरक नाही, माझ्या मुलास आमचे चित्र व आवाज पोहोचत नाही, तो स्वतः या क्षेत्रातील तज्ज्ञ असून त्याच्या मते लाइनचे काम निकृष्ट आहे. साहेबांनी सांगितलं, येत्या रविवारी सात वाजता दोघांनी जायचं आणि बोलणं चालू असताना समोर उभं राहून बघायचं.

रविवारी उत्तमसिंग आणि भीमराज गेले. व्यंकटराव धोतर नेसून, अंगात स्वेटर घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. शेजारच्या खुर्चीत विजयाबाई. त्यांनी चांगलं लुगडं नेसलं होतं आणि केसांत फूल माळलं होतं. दोघा लाइनमनना भिंतीशी उभं राहायला सांगितलं गेलं.

सात वाजता घंटी वाजली आणि अनिरुद्ध पडद्यावर आला. भीमराजला भिंतीपासून सगळं दिसत होतं. चित्र असं स्वच्छ होतं की त्याच्या गालावरची न केलेली दाढी दिसत होती. मागं सोफा, सोफ्यावर पडलेले खेळ.

"अनिरुद्ध, दिसतोय का आम्ही?" व्यंकटराव मोठ्यानं बोलत होते.

"नाही बाबा. आवाज तुटतोय. चित्र अडकलंय."

"थंडी आहे का रे तिकडं?" विजयाबाई म्हणाल्या.

"काय म्हणालीस? नाही ऐकू येत, आई."

तो कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. त्याची नजर खाली कुठंतरी डावीकडून उजवीकडं सरकत होती, माणूस वाचतो तशी. चष्म्याच्या काचांत दुसऱ्या कसल्यातरी उजेडाचा चौकोन हलत होता. इतक्यात त्याच्या मागून एक लहान मुलगी आली. पिवळा फ्रॉक, हातात कापडी ससा. तिनं बापाच्या दंडाआडून डोकावून पडद्याकडं पाहिलं.

"ती बघा," विजयाबाई उठून उभ्या राहिल्या. "ती बघा आली. अगं, इकडं बघ, आजी बघ."

अनिरुद्धनं मान न वळवता हातानं मुलीला बाजूला सारलं. ती दिसेनाशी झाली.

"ती झोपलीय आई. उठली नाही अजून."

"अरे, आत्ता तर होती तुझ्यामागं. पिवळा फ्रॉक होता."

"जुनं चित्र अडकलं असेल ते. नेट स्लो असलं की तसं होतं." मग त्यानं आवाज चढवला. "बाबा, तुमच्याकडची माणसं कामाची नाहीत. मोडेम बदललं म्हणता, पण लाइनची बोंब तशीच आहे."

व्यंकटराव खुर्चीतच वळले. "ऐकलंस? त्याला दहा हजार मैलांवरून कळतं आणि तुला इथं उभं राहून कळत नाही. सवलतीवर भरलेली माणसं, यांच्याकडून काय व्हायचं."

उत्तमसिंगनं भीमराजच्या मनगटाला हात लावला आणि तोच पुढं झाला. "साहेब, कधी कधी तिकडचं सर्व्हर बिझी राहतं. लाइन आपली बराबर हाय. दोन दिवस बघू."

उत्तमसिंगनं सुटायची वाट करून दिली होती. भीमराजनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. चौथ्या अर्जावर 'तांत्रिक अडचण परदेशी बाजूस' असं लिहून साहेबांनी फाइल बंद केली असती. भीमराजला हेही कळत होतं. पण तो भिंतीपासून निघाला, दोन्ही खुर्च्यांच्या मधून वाकला आणि माइकजवळ तोंड नेलं.

"साहेब, मी लाइनमन बोलून राहिलो. भीमराज खंदारे. तुमी हाताची बोटं दाखवा, कितीबी. मी मोजून सांगतो."

अनिरुद्ध दचकून वर बघू लागला. या वेळी त्याची नजर सरळ कॅमेऱ्यात आली. म्हणजे त्याला ऐकू आलं होतं.

"तुमचा चेहरा क्लिअर दिसून राहिला," भीमराज म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, ऑफिसात फोनवर बोलतो तसा. "तुमी खाली काही वाचून राहिले, ते बी दिसून राहिलं. पोरगी जागी हाय. हातात ससा हाय तिच्या. आमचा आवाज बी तुमाला येऊन राहिला, न्हाईतर तुमी वर काहून बघितलं?"

मग अनिरुद्धच्या पलीकडून, चित्रात न दिसणाऱ्या जागेवरून, देवश्रीचा आवाज आला. मराठीतच, आणि स्वच्छ.

"झालं का रे? सांग ना नेट गेलं म्हणून, नेहमीसारखं. आपल्याला निघायचंय."

अनिरुद्धनं तिकडं हात केला, गप्प बस असा. तोही दिसला.

"बाबा, मी नंतर करतो," तो म्हणाला आणि पडदा काळा झाला.

काळ्या पडद्यात चौघांच्या आकृत्या दिसत होत्या. विजयाबाई तशाच उभ्या होत्या. व्यंकटरावांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत घातला. दुसरा कुणी असता तर त्या क्षणी रडला असता किंवा उठून आत गेला असता. व्यंकटराव भीमराजकडं वळले.

"तू काहीतरी केलंयस लाइनला," ते म्हणाले. "आधी असं नव्हतं. मुद्दाम केलंयस तू हे."

"आधी असं नव्हतं, कारण जोड सडला होता," भीमराज म्हणाला. "आता बराबर झाला."

"कुठला जोड?"

"चल भीमराज," उत्तमसिंग म्हणाला.

भीमराजनं विजयाबाईंकडं पाहिलं. त्या अजून पडद्याकडंच बघत होत्या. पण त्याचं वाक्य ऐकून त्यांची मान हळूच वळली. पुढं काय येणार हे त्यांना कळलं होतं. त्यांच्या तोंडावरचं ते कळणं भीमराजला अगदी नीट दिसलं, आणि ते पाहूनच तो बोलला.

"देवघरातला. समईच्या मागचा. एकादशीला तुमी नरसीला गेले तवा काकूंनी दार उघडून दिलं. मी आत बसून माझ्या हातानं काढला. अर्धा तास होतो आत."

व्यंकटराव उठले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी बायकोकडं पाहिलं आणि विचारलं, "खरं आहे?"

विजयाबाईंनी होकाराची मान हलवली.

"बरं," व्यंकटराव म्हणाले. "तुम्ही दोघं निघा."

रस्त्यावर आल्यावर उत्तमसिंग गाडीला किक मारत राहिला. खोलीजवळ सोडताना एवढंच म्हणाला, "पोरगं खोटं बोललं ते दाखवलं, तिथपर्यंत ठीक होतं."

साक्षी भाकरी करत होती. भीमराजनं तिला सगळं सांगितलं. अनिरुद्धचा आवाज काढून दाखवला, व्यंकटरावांचं चष्मा पुसणं करून दाखवलं. साक्षी हसली. एका जागी तर तवा सोडून हसली. मग देवघराचं आलं आणि तिचं हसू थांबलं.

"म्हातारीनं सांगू नको म्हटलं होतं ना?"

"व्हय."

"मग तिचं नाव काहून घेतलं?"

"तिनं बी मला आधी पाय धुवायला लावले. देव झाकले माझ्यापासून. केळी वरून टाकली हातावर."

"व्हय," साक्षी म्हणाली. "तिनं केलंच तसं." तिनं भाकरी उलटली. "पण आता तिचं काय होईल?"

"मला काय माहीत."

"तुला माहीत होतं म्हणूनच सांगितलंस," साक्षी म्हणाली. तिनं ताट वाढलं. भीमराज जेवला. त्याला झोपही लागली. पुढचे दोन-तीन दिवस, खांबावर असताना किंवा चहा पिताना, अनिरुद्धचा तो दचकलेला चेहरा त्याला आठवायचा आणि बरं वाटायचं.

दोन आठवडे अर्ज आला नाही. मग दोन एकदम आले. पहिला कनेक्शन बंद करण्याबाबत. दुसरा, कर्मचारी खंदारे यांनी गृहस्वामीच्या गैरहजेरीत घरात प्रवेश केल्याबाबत. दुसऱ्यात देवघराचा शब्द कुठं नव्हता. तो लिहिला तर आपल्यावरच उलटेल हे समजण्याइतके व्यंकटराव जुने कारकून होते. साहेबांनी अर्ज वाचून भीमराजकडं पाहिलं आणि म्हणाले, "एक तारखेपासून वारंगा फाटा. त्याआधी हे कनेक्शन काढून ये. मोडेम परत आण."

तो गेला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. विजयाबाई अंगणात, पडवीच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. पडवीत एक स्टोव्ह, दोन पातेली, एक वळकटी. घरातून फिनाइलचा आणि धुपाचा वास येत होता. हॉलमध्ये व्यंकटराव टेबलाशी बसून लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मोडेम न्यायला आलो काकू."

विजयाबाई उठल्या. मोडेम पडवीतच एका पिशवीत ठेवलेलं होतं. त्यांनी ते त्याला दिलं.

"देव नदीत सोडले त्यांनी," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तसा. "नवे आणलेत. होम केला. मला आत यायचं नाही म्हणालेत. स्वयंपाकघरातही नाही. ते स्वतःचं स्वतः करून खातात. माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला."

भीमराज पिशवी हातात धरून उभा होता.

"अनिरुद्धला पत्रं लिहितात रोज. विषय, संदर्भ घालून. रजिस्टर करून पाठवतात. त्याचा फोन नाही आला त्या दिवसापासून."

"काकू, माझ्याकडून..."

"तो खोटं बोलतो हे मला माहीत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?" त्यांनी मध्येच विचारलं. "मी आई आहे त्याची. पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मला वाटलं, चित्र स्वच्छ झालं की त्याला खोटं बोलायला लाज वाटेल. दोन मिनिटं जास्त बसेल. मुलीला समोर आणेल." त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "तुम्ही बोटं मोजायला लावलीत तेही बरोबर होतं. मला राग नाही आला. मला बरंच वाटलं त्या वेळी, खोटं कशाला सांगू. पण माझं नाव घ्यायची काय गरज होती?"

भीमराजकडं उत्तर होतं. नळावरचं पाणी, झाकलेले देव, वरून टाकलेली केळी. तिथं पायरीवर, पडवीत उभं राहून ते बोलून दाखवण्याइतकं त्याला धैर्य झालं नाही.

"न्हाई घ्यायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"हो," विजयाबाई म्हणाल्या. "पण घेतलंत."

फॉर्मवर ग्राहकाची सही लागत होती. विजयाबाईंनी कागद त्याच्या हातातून घेतला. या वेळी त्यांची बोटं त्याच्या बोटांना लागली, त्यांनी हात मागं घेतला नाही. त्या हॉलच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, वाकल्या आणि कागद फरशीवरून आत सरकवला. व्यंकटराव उठले, कागद उचलला, पूर्ण वाचला, एका जागी 'कनेक्शन' शब्दातली मात्रा लाल पेनानं दुरुस्त केली, सही केली आणि परत फरशीवर ठेवला. विजयाबाईंनी तो उचलून आणला.

"टेलिफोन पण काढायचा का?" भीमराजनं विचारलं. "अर्जात फक्त इंटरनेटचं हाय."

विजयाबाईंनी आत पाहिलं. आतून आवाज आला, "सगळंच काढ म्हणावं. या घरात आता कुणाचा फोन यायचा नाही."

"काढू?" भीमराजनं विजयाबाईंना विचारलं.

त्या पायरीवर बसल्या आणि सूप मांडीवर घेतलं.

"मला कशाला विचारता," त्या म्हणाल्या.

भीमराज खांबावर चढला. डब्यातून नरसीकरांची वायर सोडवली आणि खाली टाकली. तिथून त्याला त्यांचं अंगण दिसत होतं. विजयाबाईंनी एकदाही वर पाहिलं नाही. त्यानं वायर गुंडाळली, मोडेमची पिशवी हँडलला अडकवली आणि ऑफिसात जाऊन दोन्ही वस्तू जमा केल्या.

एक तारखेपासून तो वारंगा फाट्यावर खड्ड्यात बसून तुटलेल्या केबलीचे जोड करू लागला. एका केबलीत दोनशे तारा असायच्या, एकेक रंग बघून जोडावी लागायची. त्याचे जोड चांगले होते. तिथले लोकही त्याच्या कामाला नावाजू लागले.